घटक ६ : कामगार नुकसानभरपाई आयुक्त – अधिकार आणि मर्यादा

६.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण प्रशासकीय न्यायदानाची संकल्पना अभ्यासली. न्यायनिवाडा हे केवळ दिवाणी आणि फौजदारी न्यायालयांचे काम न राहता काही विशिष्ट तंटे सोडविण्यासाठी कायद्याने स्वतंत्र अधिकारी कसे निर्माण केले, हे त्यात आपल्या लक्षात आले असेल. प्रस्तुत घटकात अशाच एका अधिकाऱ्याचा आपण जवळून परिचय करून घेणार आहोत. तो म्हणजे कामगार नुकसानभरपाई कायदा, १९२३ अन्वये नेमला जाणारा आयुक्त.

‘आयुक्त’ हा शब्द कानी पडताच आपल्या डोळ्यांसमोर महापालिकेचा किंवा पोलीस दलाचा प्रमुख उभा राहतो. फायलींवर सह्या करणारा, आदेश देणारा अधिकारी, असा या शब्दाचा मराठीतील रूढ अर्थ आहे. येथे मात्र तो अर्थ बाजूला ठेवावा लागतो. नुकसानभरपाई आयुक्त साक्षीदारांना शपथ देतो, कागदपत्रे मागवितो, दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकतो आणि निर्णय देतो. त्याने एखादी वस्तुस्थिती सिद्ध झाली असे म्हटले की ती उच्च न्यायालयालाही सहसा बदलता येत नाही. इतका मोठा अधिकार कायद्याने त्याला का दिला आणि त्या अधिकाराचे परिणाम काय होतात, हा या घटकाचा मुख्य प्रश्न आहे.

६.२ या अधिकारपदाची गरज का भासली?

या कायद्यापूर्वी गिरणीत, गोदीत किंवा खाणीत अपघात झालेल्या कामगाराला भरपाई हवी असेल, तर दिवाणी न्यायालयात मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करणे भाग होते. मालकाच्या हाती इंग्रजी न्यायपरंपरेने दिलेल्या तीन ढाली होत्या. अपघात सोबतच्या कामगाराच्या चुकीने झाला, असे तो म्हणू शके. धोका ठाऊक असूनही कामगाराने काम पत्करले, असे म्हणू शके. आणि कामगाराचीही थोडी चूक होती, असेही म्हणू शके. या तिन्ही ढाली भेदून, वकिलाचे शुल्क आणि न्यायालयाचा खर्च सोसून, हात गमावलेला माणूस निकालापर्यंत पोहोचणे जवळजवळ अशक्य होते.

इंग्लंडमध्ये १८९७ च्या कायद्याने ही चौकट मोडली. भारतात १९२३ चा आठवा अधिनियम संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. त्याचे मूलतत्त्व साधे आहे. मालकाची चूक होती की नव्हती, हा प्रश्नच विचारायचा नाही. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला एवढे दिसले की भरपाई द्यायची. कामगार नशेत होता, त्याने सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला किंवा संरक्षक साधन मुद्दाम काढून टाकले, हे बचाव मालकाला उरले खरे. परंतु मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल, तर तेही चालत नाहीत.

चुकीचा प्रश्न गेल्यावर उरले ते वस्तुस्थितीचे प्रश्न : अपघात कोठे झाला, कसा झाला, जखम किती, पगार किती, वय किती. असे प्रश्न त्वरित आणि कमी खर्चात सुटावेत म्हणून दिवाणी न्यायालयाऐवजी आयुक्ताचे पद निर्माण झाले. २००९ च्या दुरुस्तीने कायद्याच्या नावात ‘कामगार’ऐवजी ‘कर्मचारी’ हा व्यापक शब्द आला आणि आयुक्ताने तीन महिन्यांत निकाल द्यावा, अशी तरतूदही (कलम २५-अ) घालण्यात आली. प्रत्यक्षात ही मुदत किती ठिकाणी पाळली जाते, हे आपल्या जिल्ह्याच्या न्यायालयात एक दिवस बसून पाहिल्यास आपल्याला स्वतःच कळेल.

६.३ अधिकाराची व्याप्ती

कलम २० नुसार राज्य शासन आयुक्ताची नेमणूक करते. न्यायिक सेवेत किमान पाच वर्षे असलेली व्यक्ती, पाच वर्षे वकिली केलेली व्यक्ती, किंवा कर्मचारी व्यवस्थापन व औद्योगिक संबंध यांची पात्रता व अनुभव असलेला, पाच वर्षे सेवा झालेला राजपत्रित अधिकारी या पदावर येऊ शकतो. महाराष्ट्रात हे काम प्रामुख्याने न्यायाधीशच पाहतात. मुंबईसारख्या ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीश हेच आयुक्त असतात. काही राज्यांत मात्र कामगार खात्यातील अधिकारी या खुर्चीवर बसतात. म्हणजे एकाच कायद्याखाली कोठे न्यायाधीश तर कोठे प्रशासक निर्णय देतो.

कलम १९ हा या अधिकाराचा कणा आहे. भरपाई देण्यास कोण जबाबदार, जखमी व्यक्ती कायद्याच्या अर्थाने कर्मचारी आहे की नाही, रक्कम किती आणि अपंगत्व किती, या सर्व प्रश्नांचा निर्णय, आपसांत समझोता न झाल्यास, आयुक्तानेच करायचा आहे. त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाने दिवाणी न्यायालयाचा दरवाजा या प्रश्नांपुरता बंद केला आहे. पुराव्याच्या बाबतीत कलम २३ ने आयुक्ताला दिवाणी न्यायालयाचेच अधिकार दिले आहेत.

‘जखमी व्यक्ती कर्मचारी आहे की नाही’ हे शब्द किरकोळ वाटतील, पण तसे ते नाहीत. तुलनेसाठी अमेरिकेतील एक गाजलेला निकाल पाहू. गोदी कामगारांसाठी तेथे १९२७ मध्ये असाच कायदा झाला आणि दाव्यांचा निर्णय उपायुक्ताकडे सोपविण्यात आला. क्रॉवेल विरुद्ध बेन्सन (१९३२) या प्रकरणात मालकाचे म्हणणे असे होते की, जखमी मनुष्य आपला नोकरच नव्हता. तेथील सर्वोच्च न्यायालयाने प्रशासकीय अधिकाऱ्याने दिलेला वस्तुस्थितीचा निर्णय सामान्यतः अंतिम मानण्यास मान्यता दिली. परंतु मालक-नोकर हे नाते होते का, यासारख्या ज्या वस्तुस्थितीवर अधिकाऱ्याची अधिकारिताच अवलंबून असते, तिची न्यायालय नव्याने तपासणी करू शकेल, असे ठरविले. पुढे १९७२ मध्ये त्या कायद्याखालील सुनावण्या प्रशासकीय न्यायाधीशांकडे गेल्या. आपल्या विधिमंडळाने हा वाद आधीच, १९२३ मध्ये, कायद्याच्या शब्दांतच मिटवून ठेवला होता : तो नोकर होता की नाही, हेही आयुक्तच ठरवील. कंत्राटदार, उपकंत्राटदार आणि मुकादम यांच्या साखळीत काम करणाऱ्या मजुराच्या दृष्टीने या कंसातील शब्दांचे मोल मोठे आहे. त्याच्या हाती नेमणुकीचा कागद नसतो. हजेरीचे पुस्तक मुकादमाच्या पिशवीत असते. ते मागविण्याचा अधिकार असलेला माणूस हाच त्याचा आधार.

अर्ज कोठे करावयाचा याबाबतही कायदा दावेदाराच्या बाजूने झुकलेला आहे. अपघात झाला त्या ठिकाणी, दावेदार राहतो त्या ठिकाणी किंवा मालकाचे नोंदणीकृत कार्यालय असलेल्या ठिकाणी, यांपैकी कोठेही तो करता येतो. अर्जदार निरक्षर असेल आणि त्याने तशी मागणी केली, तर आयुक्ताच्या निर्देशाखाली अर्ज तयार करून दिला पाहिजे, असे कलम २२ म्हणते. ही तरतूद फारशी वापरात दिसत नाही. तरी ती वाचून ठेवावी. अर्जाची मुदत सामान्यतः दोन वर्षांची आहे आणि पुरेसे कारण असल्यास आयुक्त उशीर माफ करू शकतो. कर्मचारी राज्य विमा योजनेचे संरक्षण असलेल्यांना मात्र या कायद्याखाली भरपाई मागता येत नाही. त्यांचा मार्ग वेगळा आहे.

६.४ वस्तुस्थितीचा अंतिम निर्णय : ‘द्वारका’ जहाजाचे प्रकरण

कलम ३० नुसार आयुक्ताच्या ठरावीक आदेशांवर साठ दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. परंतु त्यासाठी कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न उपस्थित व्हावा लागतो. केवळ ‘आयुक्ताने पुराव्याचा चुकीचा अर्थ लावला’ एवढे म्हणून भागत नाही. या एका अटीमुळे आयुक्त हा वस्तुस्थितीचा जवळजवळ अंतिम न्यायाधीश ठरतो. ही अट प्रत्यक्षात कोणाच्या बाजूने आणि कोणाच्या विरुद्ध जाते, हे समजण्यासाठी पुढील प्रकरण सावकाश वाचा.

डिसेंबर १९६१. ‘द्वारका’ नावाचे जहाज इराणच्या आखातात होते. त्यावरील एका खलाशाने छातीत दुखत असल्याची तक्रार केली. जहाजावरील डॉक्टरने तपासले, काही विशेष आढळले नाही, गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी खलाशी कामावर रुजू झाला. त्याच्या पुढच्या दिवशी त्याने पुन्हा छातीत दुखणे आणि झोप न लागणे अशी तक्रार केली. त्यानंतरच्या रात्री अडीचच्या सुमारास तो जहाजाच्या नियंत्रण कक्षाजवळ दिसला. त्याला परत पाठविण्यात आले. तीन वाजता तो मधल्या डेकवर दिसला आणि आपण झोपायला जात आहोत, असे त्याने पहाऱ्यावरील खलाशाला सांगितले. सकाळी सव्वासहाला तो जहाजावर नव्हता. इतर जहाजांना बिनतारी संदेश गेला, शोध झाला. मृतदेह कधीच मिळाला नाही.

खलाशाच्या वडिलांनी भरपाईसाठी अर्ज केला. मुंबईतील अतिरिक्त आयुक्ताने जहाजाची प्रत्यक्ष पाहणी केली. मधल्या डेकवरील कठडा साडेतीन फुटांहून उंच होता. झोपायला निघालेला माणूस असा कठडा ओलांडून सहज पडेल, असे मानण्यास आधार नव्हता. खलाशी मरण पावला याचाच पुरावा नाही, आणि तो मरण पावला असे धरले तरी मृत्यू कामामुळे घडलेल्या अपघाताने झाला असा निष्कर्ष काढण्याजोगे काही नाही, असे ठरवून आयुक्ताने अर्ज फेटाळला. मुंबई उच्च न्यायालयाने हा निर्णय फिरविला आणि वडिलांना भरपाई मंजूर केली. १९६९ मध्ये मॅकिनन मॅकेंझी कंपनीच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल रद्द करून आयुक्ताचा निर्णय पुन्हा कायम केला.

या निकालातून दोन सूत्रे मिळतात आणि ती एकमेकांपासून वेगळी ठेवली पाहिजेत. पहिले सूत्र दावेदाराला अनुकूल आहे. अपघात कामामुळे झाला हे सिद्ध करण्याचा भार दावेदारावर असला, तरी त्यासाठी प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार लागत नाही. परिस्थितीवरून समंजस माणूस जो निष्कर्ष काढील, तो पुरेसा आहे. दुसरे सूत्र अधिकारितेचे आहे. असा निष्कर्ष काढायचा की नाही, हे आयुक्ताने ठरवावे. त्याच्या निर्णयात कायद्याची चूक नसेल, तर उच्च न्यायालयाने त्याच पुराव्यावरून आपला निष्कर्ष त्याच्या जागी बसवू नये.

अनेक विद्यार्थ्यांना हा निकाल कठोर वाटतो, आणि तो तसा आहेही. आजारी मुलाला समुद्राने गिळले आणि बापाच्या पदरात काही पडले नाही. परंतु नियम उलटा असता तर काय झाले असते, याचाही विचार करा. पैसा आणि वकील सामान्यतः मालकाच्या किंवा विमा कंपनीच्या बाजूला असतात. वस्तुस्थितीवर अपील खुले असते तर प्रत्येक जिंकलेला कामगार वर्षानुवर्षे उच्च न्यायालयात ओढला गेला असता. २०१६ मधील एका प्रकरणात नेमके असेच घडले होते : आयुक्ताने ठरविलेले अपंगत्वाचे प्रमाण उच्च न्यायालयाने पुन्हा तपासून कमी केले. वस्तुस्थितीबाबत आयुक्त हाच शेवटचा अधिकारी आहे असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. ज्या नियमाने खलाशाच्या वडिलांना रिकाम्या हाताने परत पाठविले, त्याच नियमाने येथे कामगाराचे रक्षण केले. म्हणून या क्षेत्रात काम करणारे जाणकार सांगतात की, कामगाराचा खटला पहिल्या पायरीवरच जिंकावा किंवा हरावा लागतो. जी साक्ष आयुक्तासमोर आली नाही, ती पुढे कोठेही उपयोगी पडत नाही.

आयुक्ताच्या वस्तुस्थितीविषयक निर्णयाने रक्कम किती बदलते, याचेही एक उदाहरण घ्या. १९७५ च्या निकालातील दावेदार ओरिसातील सुतार होता. अपघातानंतर त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. केवळ अनुसूचीतील आकडा पाहिला तर हे अंशतः अपंगत्व ठरते. आयुक्ताने मात्र एका हाताने सुतारकाम होत नाही, या साध्या वस्तुस्थितीकडे पाहून ते संपूर्ण अपंगत्व मानले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला दुजोरा दिला. २०२० मध्ये ठरलेल्या वेतनमर्यादेने हाच फरक मोजू. वय ३०, मासिक वेतन १५,००० रुपये. संपूर्ण अपंगत्वासाठी वेतनाचे ६० टक्के, म्हणजे ९,००० रुपये, गुणिले वयानुसारचा गुणक २०७.९८ : एकूण १८,७१,८२० रुपये. अपंगत्व ८० टक्के धरले तर १४,९७,४५६ रुपये. फरक पावणेचार लाखांच्या आसपास. रंधा कसा चालवतात हे आयुक्ताने समजून घेतले की नाही, यावर तो अवलंबून आहे.

त्याच निकालातील आणखी एक मुद्दा. आयुक्ताचा निर्णय होईपर्यंत आपल्यावर देणेच नव्हते, हा मालकाचा युक्तिवाद न्यायालयाने नाकारला. देणे अपघाताच्या दिवशीच निर्माण होते. आयुक्त ते निर्माण करीत नाही, केवळ निश्चित करतो. म्हणूनच महिन्याभरात रक्कम न दिल्यास १२ टक्के व्याज आणि समाधानकारक कारण नसल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंड लावण्याचा अधिकार (कलम ४-अ) अर्थपूर्ण ठरतो. दंडापूर्वी मालकाला कारण दाखविण्याची संधी द्यावी लागते.

६.५ पालक म्हणून आयुक्त

आतापर्यंत आपण आयुक्ताला पंचाच्या भूमिकेत पाहिले. कायद्याने त्याला आणखी एक भूमिका दिली आहे आणि ती दिवाणी न्यायाधीशाकडे सहसा नसते.

कामगाराचा मृत्यू झाल्यास भरपाई आयुक्ताकडेच जमा करावी लागते (कलम ८). मालकाने घरी जाऊन परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. अवलंबून असलेल्या व्यक्तीला तीन महिन्यांच्या वेतनाइतकी रक्कम आगाऊ देता येते, एवढाच अपवाद. दुःखाच्या पहिल्या आठवड्यात, दारात माणसांची गर्दी असताना, थोडी रक्कम आणि कोऱ्या कागदावर अंगठा असा व्यवहार कसा होतो, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. जिवंत पण जखमी कामगाराशी केलेला ठोक रकमेचा समझोताही आयुक्ताकडे नोंदवावा लागतो. रक्कम अपुरी आहे, किंवा फसवणूक वा गैरवाजवी दडपण आहे, असे दिसल्यास तो नोंदणी नाकारू शकतो. हक्क सोडून देण्याचा करार तर कलम १७ ने मुळातच निरर्थक ठरविला आहे.

जमा रकमेची वाटणीही आयुक्त करतो आणि स्त्री किंवा अज्ञान व्यक्तीचा हिस्सा तिच्या हितासाठी गुंतवून ठेवण्याचा आदेश देऊ शकतो. कमावत्या, प्रौढ स्त्रीला अज्ञान मुलाच्या रांगेत बसविणारी ही शब्दयोजना १९२३ च्या समाजाची खूण आहे. तिचा वापर आज तारतम्यानेच व्हायला हवा.

६.६ मर्यादा

निकाल देणे आणि पैसे हातात पडणे यांत अंतर आहे. कलम ३१ नुसार आयुक्त थकीत रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करवू शकतो. म्हणजे प्रत्यक्ष वसुली महसूल यंत्रणेच्या हाती जाते, आणि तेथे या कामाची निकड आयुक्ताइतकी कोणाला वाटेलच असे नाही. मालकाने अपील केले तर परिस्थिती काहीशी बरी असते, कारण भरपाईची पूर्ण रक्कम आयुक्ताकडे जमा केल्याचे प्रमाणपत्र जोडल्याशिवाय त्याचे अपील दाखल होत नाही. अपील न करता गप्प बसणारा, बिऱ्हाड हलवलेला छोटा कंत्राटदार हीच खरी अडचण असते.

नियामक कायद्याबाबत एक सूचना. संसदेने २०२० मध्ये संमत केलेली सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून १९२३ चा कायदा तिच्यात समाविष्ट झाला आहे. तिच्या सातव्या प्रकरणात ‘आयुक्ता’ची जागा ‘सक्षम प्राधिकारी’ या संज्ञेने घेतली आहे. मात्र वर अभ्यासलेले निकाल जुन्या कायद्याच्या शब्दांवर आधारलेले असल्यामुळे या घटकात कलमांचे जुने क्रमांकच वापरले आहेत.

६.७ सरावासाठी स्वाध्याय

पुढील प्रसंग काल्पनिक आहे. तो वाचून आपले उत्तर सुमारे ३०० शब्दांत लिहा.

एका बांधकामावर उपकंत्राटदाराकडे सेंटरिंगचे काम करणारा २५ वर्षांचा मजूर सातव्या मजल्यावरून पडून मरण पावला. त्याने सुरक्षापट्टा बांधलेला नव्हता. त्याचे मासिक वेतन १८,००० रुपये होते, असे पत्नी सांगते. कंत्राटदार म्हणतो, तो आपला नोकर नव्हताच. तेराव्या दिवशी कंत्राटदाराने पत्नीला दोन लाख रुपये रोख दिले आणि ‘यापुढे काही मागणे नाही’ अशा कागदावर तिचा अंगठा घेतला. ती आता सासर सोडून दुसऱ्या जिल्ह्यात माहेरी राहते.

(अ) तिला माहेरच्या जिल्ह्यात अर्ज करता येईल काय? (आ) सुरक्षापट्ट्याचा बचाव टिकेल काय? (इ) अंगठ्याच्या कागदाचे आणि दोन लाखांचे कायद्याच्या दृष्टीने काय होईल? (ई) मृत्यूसाठी वेतनाचे ५० टक्के हे प्रमाण, १५,००० रुपयांची वेतनमर्यादा आणि २१६.९१ हा गुणक धरून भरपाई काढा. (उ) आयुक्तासमोर कोणते साक्षीदार आणि कोणती कागदपत्रे आणावीत, म्हणजे ‘द्वारका’ प्रकरणातील वडिलांवर आलेली वेळ तिच्यावर येणार नाही?